सोलरच्या गरम पाण्यावर फिश टँक तापवता येईल का? (सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

५०२ : नमस्कार सगळ्यांना, एक विचारायचं होतं, कमिटीनेही बघा प्लीज. माझा २०० लिटरचा टँक आहे, १०० वॉटचा हीटर दिवसरात्र चालूच असतो तरी थंडीत सकाळी पाणी २१ वर आलेलं असतं, मासे पंख अंगाला चिकटवून तळाशी गप्प. आता गच्चीवरच्या सोलरची लाईन बाथरूममध्ये येतेच आहे, तिला टी मारून (फाटा काढून) तांब्याची कॉइल टँकमध्ये सोडली तर? पाणी कॉइलच्या आतून जाणार, टँकमध्ये मिसळणार नाही, फुकटात गरम

३०४ : दादा तांबं अजिबात नको!!! मी पाणी बदलताना गॅस गीझरचं पाणी थेट ओतायचे, त्याच्या आत तांब्याचीच नळी असते हे डोक्यातच नाही आलं. चेरी श्रिंप (छोट्या कोळंब्या) एकेक करून गेल्या, गोगलगायी गेल्या, मासे मात्र ठणठणीत, म्हणून मला आधी वाटलं काहीतरी रोग आलाय. मग कॉपरचं टेस्ट किट आणलं तेव्हा कळलं

५०२ : बापरे. माझ्याकडे पण श्रिंप आहेत. मग स्टीलची कॉइल?

३०४ : स्टील चालेल, खाऱ्या पाण्याचा टँक असेल तर टायटॅनियम वापरतात. प्लास्टिकची नळी पण चालते पण तिच्यातून उष्णता हळू जाते म्हणून खूप लांब लागते, टँकमध्ये मासे कमी आणि नळीच जास्त

१०१ काका : अरे ते सगळं ठीक, पण कॉइलमधून बाहेर पडलेलं पाणी जाणार कुठे ते सांग आधी

५०२ : काका... बाथरूमच्या ड्रेनमध्ये?

१०१ काका : तेच म्हणतो. आपल्या लाईनला परतीचा पाईपच नाही, पाणी खाली येतं आणि नळातून जातं. आता हिशोब कर. ६० डिग्रीचं पाणी कॉइलमध्ये शिरलं आणि ४० ने बाहेर पडलं तर लिटरमागे २० किलोकॅलरी टँकला मिळाल्या. रात्री तुझ्या टँकला १५० वॉट लागतात असं धर, म्हणजे तासाला साधारण १३० किलोकॅलरी, म्हणजे साडेसहा लिटर. दहा तासांत ६५ लिटर तापलेलं पाणी गटारात. आणि तासाला साडेसहा लिटर म्हणजे नळ गळतो तशी धार, एवढ्या बारीक धारेने गच्चीवरून पाचव्या मजल्यावर येईपर्यंत ते कोमटसुद्धा राहणार नाही

५०२ : 🙈 मग थोडा थोडा वेळ जोरात सोडायचं, कंट्रोलर आणि ऑटोमॅटिक व्हॉल्व्ह लावून?

१०१ काका : लाव की. मिनिटाला २ लिटर सोडलंस आणि कॉइलमध्ये १० डिग्री उतरलं तरी १४०० वॉट झाले, २०० लिटर टँक दहा मिनिटांत एक डिग्री चढणार. रात्री तो व्हॉल्व्ह उघडा अडकला तर सकाळी काय बघशील? १०० वॉटचा हीटर बिघडून चालू राहिला तर निदान तुला तास मिळतात

सेक्रेटरी : कमिटीतर्फे सांगतो, कॉमन लाईनला टी मारता येणार नाही. गच्चीवरची टाकी रिकामी झाली की लाईन उलटी ओढते, अशा वेळी कॉइलला बारीक भोक असेल तर टँकचं पाणी लाईनमध्ये जाईल आणि खालच्या मजल्यांना मिळेल

४०२ : म्हणजे आम्ही माशांच्या पाण्याने अंघोळ करायची का 😳

४०२ : आणि लिफ्टचं काय झालं, चार दिवस दरवाजा नीट लागत नाहीये

५०२ : कॉमन लाईन सोडा मग, माझा स्वतःचा इलेक्ट्रिक गीझर आहे, छोटा पंप लावून त्याचंच पाणी कॉइलमधून फिरवून परत गीझरमध्ये आणलं तर?

१०१ काका : गीझरमध्येही कॉइलच तापते आणि हीटरमध्येही. वीज तेवढीच, फक्त ती बाथरूममधून हॉलपर्यंत पाईपने फिरवत आणायची आणि वाटेत थंड करायची, वर पंपाची वीज वेगळी. ज्या घरांत भिंतीतून गरम पाणी कायम फिरत असतं किंवा हीट पंप (हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारं यंत्र) असतो तिथे ही आयडिया खरंच चांगली आहे, तुझ्या घरात नाही

३०४ : दादा टँकला झाकण आहे का?

५०२ : नाही, वरून उघडा छान दिसतो

३०४ : पाणी किती कमी होतं?

५०२ : थंडीत दिवसाला दोनेक लिटर

१०१ काका : सापडलं! एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण पाऊण युनिटच्या जरा आत उष्णता जाते, दोन लिटर म्हणजे सव्वा युनिटच्या वर. तुझ्या १०० वॉटमधले ५०-५५ वॉट दिवसभर नुसते हवेत जातायत. सोलर कशाला शोधतोस

३०४ : काचेचं झाकण करून घ्या दोन तुकड्यांत, थोडी फट ठेवा, पूर्ण बंद नको. मागच्या बाजूला थर्माकोल. आणि अजून एक १०० वॉटचा हीटर दुसऱ्या टोकाला, एकच मोठा घेऊ नका, एक बंद पडला तर दुसरा सांभाळतो. पाणी बदलताना हीटर पंधरा-वीस मिनिटं आधी बंद करा, तापलेला हीटर उघडा पडला की काच तडकते, माझा तडकलाय

५०२ : आणि पाणी बदलताना तरी गीझरचं घालू शकतो ना?

३०४ : तांब्याचा गीझर नसेल तर बादलीत गार पाण्यात मिसळून घाला, थर्मामीटर लावून, क्लोरीनचं औषध टाकून. पण लगेच ओतू नका, तापवलेल्या पाण्यात बारीक बुडबुडे असतात ते काचेवर आणि माशांच्या पंखांवर बसतात. अर्धा तास एअर पंप सोडून ठेवा

(आठ दिवसांनी)

५०२ : काका, ताई, रिपोर्ट. झाकण बसलं, थर्माकोल लागला, दुसरा हीटर पण. आज सकाळी ६ ला २५. पाणी आठवड्यात जेमतेम बोटभर उतरलंय. आणि दोन्ही हीटरचे लाल दिवे चक्क बंद होते

१०१ काका : 👍

४०२ : अभिनंदन. आता लिफ्ट