मदत हवी आहे: स्वातंत्र्याच्या कविता-भाषणांतून शब्दसंग्रह कसा वाढवायचा?

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी,

माझं सगळं शिक्षण इंग्रजी माध्यमातलं. घरी मराठीच बोलतो, त्यामुळे रोजच्या बोलण्याचं काही अडत नाही. पण चार लोकांसमोर उभं राहून जरा नेटकं मराठी बोलायचं म्हटलं की दर दुसऱ्या वाक्याला इंग्रजी शब्दाचा आधार लागतो. अग्रलेख वाचते, अर्थ कळतो, पण त्यातला एकही शब्द आयत्या वेळी तोंडात येत नाही.

शब्दसंग्रह वाढवायला मी स्वातंत्र्याच्या कविता आणि भाषणं निवडली आहेत. देशभक्ती हे एक कारण आहेच, पण खरं कारण आळशीपणाचं आहे. पंधरा ऑगस्टच्या कृपेने यातली बरीच गाणी शाळेपासून पाठ आहेत. चाल पाठ, शब्द पाठ, अर्थाच्या नावाने शंख! म्हटलं, पाठांतराचं अर्धं काम झालेलंच आहे, उरलेलं अर्धं करू.

तर वही घातली. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. वही भरत चालली आहे, पण बोलण्यात काडीचा फरक नाही. शिवाय शब्दकोशात निम्मे शब्द सापडतच नाहीत. साने गुरुजींच्या 'बलसागर भारत होवो' मधलं हे कडवं बघा:

हे कंकण करि बांधियले
जनसेवे जीवन दिधले
राष्ट्रार्थ प्राण हे उरले
मी सिद्ध मरायाला हो

'दिधले' सापडत नाही. 'करि' शोधायला गेलं तर 'करी' म्हणजे हत्ती! कंकण हत्तीला कशाला बांधतील? आणि 'सिद्ध' म्हणजे भूमितीत सिद्ध करतात तेच का?

आधी कविता घ्याव्यात की भाषणं? कुठले शब्द बोलण्यात आणायचे आणि कुठले नुसते ओळखता आले तरी पुरे, हे कसं ठरवायचं? अनुभवी लोकांनी कृपया सांगावं. 'वाचन वाढवा' हा सल्ला मिळालेला आहे, तो सोडून.

---

आडवाटेचा

वाचन वाढवा. (पळतो.)

---

जोडाक्षर

ताई, कडवं अगदी नेमकं निवडलंत. वही मात्र काही दिवस बाजूला ठेवा. शब्द-अर्थाच्या जोड्या लावण्याआधी अन्वय लावा. जुने शिक्षक कविता शिकवताना हेच पहिलं करायला लावत. कडवं सरळ गद्यात, आजच्या मराठीत लिहून काढायचं: 'मी हे कंकण हातात बांधलं आहे. जीवन जनसेवेला दिलं आहे. जे प्राण उरले आहेत ते राष्ट्रासाठी आहेत. मी मरायला तयार आहे.'

एवढं केलं की तुमच्या निम्म्या शंका आपोआप सुटतात. 'दिधले' म्हणजे दिले, 'बांधियले' म्हणजे बांधले. शब्द तुमच्या ओळखीचेच आहेत, फक्त अंगावर जुने कपडे आहेत. ही रूपं पाठ करू नका, ओळखली की पुढे चला. कवितेत अशी पाचपंचवीस रूपं पुन्हा पुन्हा येतात, त्यामुळे तीन-चार कवितांनंतर ती अडवत नाहीत. 'करि' मधला 'कर' म्हणजे हात आणि शेवटची इ म्हणजे 'मध्ये'. 'घरी', 'दारी', 'गावी' म्हणता ना? तोच प्रत्यय. हत्ती गेला!

आता खरी कमाई 'राष्ट्रार्थ' मध्ये आहे. 'अर्थ' म्हणजे 'साठी'. स्मरणार्थ, हितार्थ, मदतार्थ, सत्कारार्थ असे कितीतरी शब्द रोजच्या निमंत्रणपत्रिकांत आणि बातम्यांत असतात. हा एक दुवा पकडला की दहा शब्द हाताशी येतात, आणि ते तुम्हाला व्यासपीठावर वापरता येतील असे आहेत.

त्याच गाण्यात पुढे 'सर्वस्व त्यास अर्पीन, तिमिर घोर संहारीन' आहे. इथे तीन वेगळ्या गोष्टी आहेत. 'सर्वस्व' बिनधास्त वापरा. 'अर्पीन' ओळखा, पण बोलताना 'अर्पण करीन' म्हणा. 'तिमिर' मात्र कवितेतच राहू द्या. वीज गेल्यावर 'तिमिर झाला' म्हणणारा माणूस अजून मला भेटलेला नाही.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाला माझं एकच उत्तर आहे. शब्द गेल्या महिनाभरात कवितेबाहेर कुठे दिसला का? बातमीत, पत्रिकेत, कुणाच्या भाषणात? दिसला तर बोलण्यात आणा, नाहीतर नुसता ओळखीचा ठेवा.

---

उंबरठा

फक्त एक सावधगिरीची सूचना. 'जयोऽस्तु ते' पासून सुरुवात करू नका. सगळे तिथूनच करतात आणि दुसऱ्या ओळीत गारद होतात. त्यात संस्कृत इतकं आहे की शब्दसंग्रह वाढण्याऐवजी न्यूनगंड वाढतो.

---

तळटीप

उंबरठा, सुरुवात तिथून नको हे मान्य, पण टाळू मात्र नका. १९०३ सालचं ते गीत म्हणजे उपसर्ग आणि संधी शिकायची खाण आहे. एकच ओळ घेतो:

जे जे उत्तम उदात्त उन्नत महन्मधुर ते ते

उत्तम, उदात्त, उन्नत. तिन्ही शब्दांच्या पोटात 'उद्' आहे, म्हणजे वर. नत म्हणजे वाकलेला, उन्नत म्हणजे वर उचललेला. आता उत्कर्ष, उत्थान, उद्धार, उन्नती हे शब्द म्हणून बघा. सगळे वर चाललेत! आणि 'महन्मधुर' म्हणजे महत् अधिक मधुर. पुढे म आला म्हणून त् चा न् झाला. सत् अधिक मान, सन्मान, तसंच. पहिल्या ओळीतलं 'श्रीमहन्मंगले' मग आपोआप फुटतं. तुम्हाला हे गीत पाठ असणारच, तर रोज एकच ओळ अशी फोडा. बाकीचं नुसतं गुणगुणा.

केशवसुतांची 'तुतारी' (१८९३) पण घ्या. ती परकीय सत्तेपेक्षा जुनाट रूढींपासूनच्या मुक्तीची कविता आहे, त्यामुळे शब्द वेगळे मिळतात. 'सडत न एक्या ठायी ठाका' मधलं 'ठाका' अनोळखी वाटेल, पण 'संकट समोर उभं ठाकलं' हे तुम्ही शंभर वेळा ऐकलंय. आणि तिथे 'किंकाळी' तुतारीची आहे. आज आपण घाबरलेल्या माणसाचीच किंकाळी म्हणतो. हा फरक शब्दकोशातून सहजी हाती लागत नाही, कवितेतून लागतो.

शब्दकोशाबद्दल: मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. मोल्सवर्थची दुसरी आवृत्ती १८५७ची, त्यामुळे लेखन जुनं आहे. क्रियापद 'अर्पणे' असं शोधू नका, 'अर्पणें' असं अनुस्वार देऊन शोधा. बरेचसे शब्द 'सापडत नाहीत' ते एवढ्यामुळे. अनुस्वार कमी झाले ते १९६२च्या लेखननियमांनंतर.

---

आडवाटेचा

मघाशी पळालो होतो, परत आलो. सगळे कवितेवरच तुटून पडलात. ताईंना चार लोकांसमोर बोलायचंय, मग भाषणं कोण बघणार?

कवितेत शब्द एकदा चमकतो आणि जातो. भाषणात वक्ता तोच शब्द चार बाजूंनी फिरवतो, आणि शिकणाऱ्याला तेच हवं असतं. टिळकांची १९१६ची बेळगाव आणि अहमदनगरची होमरूलवरची भाषणं घ्या. मराठीत दिलेली आहेत, समोर सामान्य श्रोते आणि मागे सरकारची नजर. त्या भाषणांवरून त्यांच्याकडून २०,००० रुपयांचा जातमुचलका (म्हणजे चांगल्या वर्तणुकीचं हमीपत्र) आणि प्रत्येकी १०,००० चे दोन जामीन मागितले होते. नोव्हेंबर १९१६ मध्ये मुंबई हायकोर्टाने तो हुकूम रद्द केला. भाषणं सुटी वाक्यं न उचलता सबंध वाचली पाहिजेत, असं कोर्टाचं म्हणणं होतं. शब्द शिकणाऱ्यालाही हाच कायदा लागू!

दुसरं, डॉ. आंबेडकरांचं २५ नोव्हेंबर १९४९चं संविधान सभेतलं भाषण. मूळ इंग्रजी आहे, मराठी अनुवाद सहज मिळतो. राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, असा त्यातला मुद्दा आहे. स्वातंत्र्य, समता, बंधुता हे तीन शब्द ते एकमेकांपासून सुटे करता येत नाहीत असं मांडतात, आणि मांडताना तिन्ही पुन्हा पुन्हा येतात. शेवटपर्यंत वाचलंत तर 'समता' चा अर्थ वहीत लिहायची गरज उरत नाही.

यावर सराव असा करा. त्या परिच्छेदाचा नुसता सांगाडा उचला: 'एकीकडे हे समान, दुसरीकडे ते विषम, आणि ही विसंगती किती दिवस चालणार?' त्यात तुमचा विषय घाला. ऑफिसातल्या कामाची वाटणी, सोसायटीचं पाणी, काहीही. पुस्तक मिटून, उभं राहून, मोठ्याने बोला. आरशासमोर नको, फोनवर रेकॉर्ड करा. जीभ वाचून सुटत नाही.

---

जोडाक्षर

आडवाटेचा यांना दुजोरा. आणि संविधानाची उद्देशिका राहिली की! पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीला असते, कुणी वाचत नाही. सबंध उद्देशिका एकच वाक्य आहे. 'विचार, अभिव्यक्ती, विश्वास, श्रद्धा व उपासना यांचे स्वातंत्र्य': विश्वास आणि श्रद्धा यांत फरक काय, हा प्रश्न स्वतःला विचारून बघा, अर्धा तास जाईल. आणि शेवटी 'स्वतःप्रत अर्पण करत आहोत'. ताई, तुमचं 'अर्पीन' इथे गद्यात भेटतं.

---

पाटीपेन्सिल

सगळ्यांचे मनापासून आभार! 'उद्' आणि 'अर्थ' एका दिवसात वसूल झाले. काल एका पत्रिकेत 'गौरवार्थ' दिसलं आणि उगाचच मोठं झाल्यासारखं वाटलं.

'सिद्ध' चं मात्र अजून कोडंच आहे. सानेगुरुजींचं 'मी सिद्ध' म्हणजे तयार. टिळकांचा हक्क 'जन्मसिद्ध'. आणि भूमितीतलं सिद्ध. तीन शब्द की एकच?

शिवाय पुढच्या आठवड्यात ऑफिसात एका ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या निरोपाला बोलायचंय. मसुदा केलाय, जरा तपासा: 'सरांनी या विभागाच्या उत्कर्षासाठी सर्वस्व अर्पण केले. त्यांच्या गौरवार्थ आपण जमलो आहोत. त्यांच्यासोबतची लोणावळ्याची सहल आमच्यासाठी उदात्त होती. आता नवी पिढी जबाबदारी घ्यायला सिद्ध आहे.'

---

तळटीप

शब्द एकच. सिद्ध म्हणजे पूर्णत्वाला गेलेलं. स्वयंपाक पूर्ण झाला की 'पाक सिद्ध झाला', म्हणजे तयार. विधान पुराव्याने पूर्ण झालं की सिद्ध. आणि जन्मसिद्ध म्हणजे जन्माबरोबरच पूर्ण झालेलं, वेगळं मिळवावं न लागणारं. म्हणून तर तो हक्क मागायचा नसतो, ताब्यात घ्यायचा असतो.

मसुदा छान आहे. 'सिद्ध आहे' निरोपाच्या भाषणात शोभेल, फक्त 'सज्ज आहे' म्हणालात तर मागच्या रांगेलाही लगेच कळेल. 'सर्वस्व अर्पण केले' जरा जास्त होतंय, सर अजून हयात आहेत. 'आयुष्यातली उमेदीची वर्षं दिली' म्हणा.

---

उंबरठा

आणि लोणावळ्याची सहल उदात्त नको हो. 'उत्तम' म्हणा, तिथेही 'उद्' आहेच.