मदत हवी आहे: किडनीचं पथ्य चालू असताना आप्पांनी बिअर घ्यावी का?

नमस्कार मंडळी,

माझे आप्पा ६२ वर्षांचे. चोपडा तालुक्यात केळीची शेती आहे. शुगर-बीपी जुनंच, आता किडनीचा आजार टप्पा ३ब निघालाय. क्रिएटिनिन २.१, ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा आकडा) ३५, पोटॅशियम ५.२, युरिक ॲसिड ८.१. पायावर सूज येते म्हणून डॉक्टरांनी चहा-ताकासकट दिवसाला दीड लिटरच पाणी सांगितलंय, मीठ ५ ग्रॅमच्या आत. पोटॅशियममुळे केळी बंद, पापड-लोणचं बंद, उडदाचं घुटं मोजून. आप्पा सगळं निमूट पाळतात. जन्मभर केळी पिकवणाऱ्या माणसाला घरचं केळं खाता येत नाही, ते बघवत नाही.

अडलंय ते बिअरपाशी. केळीची गाडी भरून गेली की संध्याकाळी एक मोठी बाटली, ही त्यांची जुनी सवय. आहाराच्या कागदावर तिचा उल्लेखच नाही, आणि आई सोबत असल्यामुळे आप्पांनी डॉक्टरांना विचारलं नाही. मामा म्हणतात, "काही व्हत नही." उलट बिअरने लघवी साफ होते, किडनी धुऊन निघते, असं ते ठासून सांगतात. आमच्याकडे मुतखड्याच्या प्रत्येक पेशंटला हा सल्ला मिळतोच. पण दारूने लघवी जास्त होते ती शरीरातलं पाणी ओढून. खडा त्याने विरघळत नाही, आणि वैशाखाच्या उन्हात शेतातून आलेल्या माणसाचं पाणी आणखी कमी झालं तर आधीच थकलेल्या किडनीवरच ताण येणार. मामांना हे पटत नाही.

मी आकडे काढले तेव्हा चकित झाले. ६५० मिलीच्या बाटलीत पोटॅशियम साधारण १७५ मिलिग्रॅम, म्हणजे एका मध्यम केळ्याच्या निम्म्याहून कमी. फॉस्फरस ९० च्या आसपास, सोडियम किरकोळ. म्हणजे केळं बंद आणि बिअर चालेल? पण दीड लिटरातलं ६५० मिली त्या एका बाटलीतच जातं. आणि ती स्ट्रॉंग घेतात, ८ टक्क्यांची. तिच्यात ४० ग्रॅमच्या आसपास शुद्ध अल्कोहोल होतं. एक बाटली म्हणजे एक पेग नव्हे, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. सोबत खारे शेंगदाणे, शेव, वर झणझणीत शेवभाजी, मग मिठाचा हिशेब कुठे राहतो! युरिक ॲसिडलाही बिअर वाईटच.

सगळ्यात जास्त भीती मला गोळ्यांची वाटते. ते शुगरसाठी ग्लिमेपिराइड घेतात. दारूवर जेवण टाळलं तर रात्रीतून शुगर खाली जाऊ शकते, आणि घाम, बडबड, झोकांड्या बघून घरचे म्हणतील, चढली असेल. बीपीसाठी टेल्मिसार्टन आहे, दारू आणि ती गोळी मिळून बीपी एकदम उतरायचा धोका वेगळाच.

पुढच्या तपासणीला मी स्वतः सोबत जाणार आहे, तोवर आप्पांनी थांबायचं कबूल केलंय. तुमच्या घरी या टप्प्याचं कुणी असेल तर सांगा: किडनीच्या डॉक्टरांनी पूर्ण बंद सांगितली, की कधीमधी छोटी ३३० मिलीची, माइल्ड, चालवून घेतली? चालवली असेल तर त्या दिवशी पाणी आणि शुगरची गोळी कशी बसवली? बिनअल्कोहोलची बिअर कुणाला चालली का? आणि आईसमोर आप्पांना अवघडल्यासारखं न होता डॉक्टरांकडे हा विषय कसा काढू?