मदत हवी आहे: मुथम्मांची गोष्ट नववीच्या मुलांना कशी सांगू?

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयात मुलांसाठी छोटं प्रदर्शन करतेय. विषय: परराष्ट्र खात्यातल्या बायका. विजयालक्ष्मी पंडितांचा तक्ता झटकन झाला. १९४७ला मॉस्को, मग वॉशिंग्टन, १९५३ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचं अध्यक्षपद, फोटोही भरपूर.

अडलंय ते सी. बी. मुथम्मांपाशी. कोडगूच्या मुथम्मा १९४९ साली परीक्षा देऊन परराष्ट्र सेवेत आलेल्या पहिल्या महिला. तेव्हा बाईला लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी लागे आणि लग्नानंतर संसार कामाच्या आड येतो असं सरकारला वाटलं, तर राजीनामा मागता येई. (ब्रिटनच्या परराष्ट्र सेवेत तर बाईने लग्न केलं की नोकरी गेली, थेट १९७३पर्यंत.) बढती नाकारल्यावर मुथम्मा सुप्रीम कोर्टात गेल्या. १९७९चा निकाल मजेशीर आहे: दरम्यान बढती मिळाल्यामुळे अर्ज फेटाळला, पण न्या. कृष्ण अय्यर यांनी नियमांवर सडकून टीका केली. "अर्ज फेटाळला म्हणजे हरल्या ना?" असं माझ्या भाचीने विचारलं आणि माझी बोलतीच बंद. तक्त्यावर जागा जेमतेम पाच ओळींची!

तर, हे पाच सोप्या ओळींत कुणी बसवून देईल का? नोकरीतल्या लग्नाच्या अशा अटींसाठी 'विवाहबंदी' शब्द मुलांना कळेल की दुसरा काही सुचतो? आणि कुणाच्या आई-मावशीच्या जुन्या नेमणूकपत्रात अशी लग्नाची अट असेल, तर नाव-पत्ता झाकून फोटो पाठवाल का? खातं कुठलंही चालेल. रविवारपर्यंत मिळालं तर फार बरं, सोमवारी छपाईला द्यायचंय.