इंग्रजांशी झालेल्या सीताबर्डीच्या लढाईनंतर नागपूरचे राजे आप्पासाहेब भोसले कैदेत होते ना? मग ते सुटले कसे?

प्रश्न : महालकर
२६ जानेवारीला सीताबर्डीचा किल्ला लोकांसाठी उघडतात, म्हणून यंदा मुलीला घेऊन मोठ्या टेकडीवर गेलो होतो. उतरताना तिने विचारले, "लढाई हरल्यावर राजाला कुठे कोंडले?" मला उत्तर देता आले नाही. शाळेत २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ या तारखा आमच्याकडून घोकून घेतल्या गेल्या, पण त्यानंतर आप्पासाहेबांचे नाव धड्यातून जे गेले ते परत आलेच नाही. त्यांना कैद केव्हा व कशासाठी झाली, ते निसटले कसे, आणि इंग्रजांप्रमाणे आपणही त्यांना 'बंडखोर' म्हणावे का, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर : जुमा दरवाजा
लढाई हरली आणि लगेच बेडी पडली, असे झालेले नाही. इंग्रजांच्या जनरल डव्हटनची फौज येऊन पोहोचल्यावर १६ डिसेंबरला आप्पासाहेब रेसिडेंट, म्हणजे कंपनीचा नागपूर दरबारातला प्रतिनिधी, जेंकिन्स याच्या स्वाधीन झाले. शहरातल्या त्यांच्या अरब शिपायांना मात्र ही शरणागती मान्य नव्हती. त्यांनी २४ डिसेंबरला जुमा दरवाजावर, म्हणजे आजच्या गांधीद्वारापाशी, इंग्रजांचा हल्ला परतवून लावला आणि महिनाअखेरपर्यंत शहर सोडले नाही. जानेवारी १८१८ मध्ये नवा करार होऊन आप्पासाहेब पुन्हा गादीवर बसले, पण ती गादी नावापुरतीच होती. बाजीराव पेशव्यांशी गुप्त पत्रव्यवहार चालू आहे, पेशव्यांना चांद्याकडे (आजचे चंद्रपूर) बोलावणे धाडले आहे, आणि किल्ले खाली करू नका असे किल्लेदारांना आतून कळवले आहे, असे आरोप ठेवून जेंकिन्सने १५ मार्च १८१८ रोजी त्यांना पकडले.

त्यांना प्रयागच्या किल्ल्यात ठेवायचे ठरले होते. जबलपूरच्या वाटेवर मे महिन्यातल्या एका रात्री छावणीतूनच ते नाहीसे झाले. इंग्रजांच्याच वृत्तान्तांत आलेली हकीकत अशी, की पहाऱ्यावरचे काही शिपाई त्यांनी आधीच फितवले होते. शिपायाचा पोशाख चढवून ते त्यांच्याबरोबर बाहेर पडले आणि पलंगावर त्यांच्या जागी उशी पांघरून ठेवली होती. तपासणीसाठी कोणी तंबूत डोकावलेच, तर दोन नोकर त्या उशीचे पाय चेपत बसलेले दिसावेत, अशी व्यवस्था होती. मला या सुटकेत सर्वांत मोलाचे वाटते ते हे, की पहाऱ्यावरचे शिपाई कंपनीच्या पगारातले होते आणि १८५७ ला अजून ३९ वर्षे होती.

उत्तर : सक्करदरा
वरील माहिती योग्य आहे, पण चित्र फार उजळ करू नये असे माझे मत आहे. तैनाती फौजेचा, म्हणजे इंग्रजांची पलटण राज्यात ठेवून घेण्याचा, करार मे १८१६ मध्ये आप्पासाहेबांनीच केला, तोही तेव्हाचे राजे परसोजी यांचे कारभारी या नात्याने, स्वतःची जागा भक्कम व्हावी म्हणून. फेब्रुवारी १८१७ मध्ये परसोजी अंथरुणात मृत सापडले, तेव्हा आप्पासाहेब चांद्याला होते. त्या खुनाचा ठपका पुढे त्यांच्यावर ठेवण्यात आला. हा ठपका पदच्युतीच्या वेळी इंग्रजांच्या फार सोयीचा होता, हे मला मान्य आहे, परंतु सोयीचा आरोप खोटाच असतो असेही नाही. 'बंडखोर' या शब्दाचे मूळ त्या १८१६ च्या करारात आहे. स्वतःच्या राज्यातल्या परक्या पलटणीवर चालून जाणाऱ्या राजाला बंडखोर ठरवता येते ते केवळ त्या कागदाच्या आधारावर, आणि म्हणूनच मी स्वतः तो शब्द वापरत नाही. जून १८१८ मध्ये लहानग्या तिसऱ्या रघुजींना गादीवर बसवून राज्याचा खरा कारभार जेंकिन्सने हाती घेतला, यावरून कोणाला काय हवे होते ते दिसतेच.

उत्तर : छिंदवाड्याचा पाहुणा
नागपूरकर हा विषय नेहमी नागपुरातच संपवतात, म्हणून लिहितो. सुटल्यावर आप्पासाहेब पचमढीच्या महादेव डोंगरात गेले आणि तिथे त्यांना आसरा दिला तो गोंड ठाकुरांनी. हर्रईचे चैनशाह त्यांत प्रमुख होते. पावसाळाभर त्या रानात इंग्रजांच्या तुकड्यांचे हाल झाले. चितू पेंढारीही येऊन मिळाला होता. १८१९ च्या आरंभी डोंगर सोडून आप्पासाहेब बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडाकडे गेले. एप्रिलमध्ये गड पडला, तोपर्यंत ते तिथूनही निसटले होते. पुढे लाहोर, मंडी असे फिरत ते जोधपूरला पोहोचले. तिथल्या राजा मानसिंहाने त्यांना महामंदिर या देवस्थानात ठेवून घेतले आणि इंग्रजांच्या हवाली करण्यास नकार दिला. १८४० मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले. राजा परमुलखात का होईना, मोकळा राहिला. ज्यांनी त्याला लपवले त्या गोंडांच्या वाट्याला मात्र इंग्रजांच्या पलटणी आल्या. किल्ल्यावर फिरताना मुलीला हेही अवश्य सांगा.

महालकर
सर्वांचे आभार. हे सगळे काल रात्री मुलीला वाचून दाखवले. राजा जोधपूरला पोहोचला हे ऐकून तिचे समाधान झाले नाही. "उशीचे पाय चेपणारे ते दोघे सकाळी कुठे गेले?" एवढेच ती विचारत राहिली.