दीनेला आवाज दिला, की तिच्या तोंडी आपलंच घातलं?

सरळरेघ:
बायबलमधल्या दुर्लक्षित बायकांना 'आवाज देणाऱ्या' ऐतिहासिक कादंबऱ्यांचं पीक आलंय. त्यातली गाजलेली म्हणजे अनिता डायमंट यांची 'द रेड टेंट' (१९९७). बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या ३४व्या अध्यायात, तिथल्या सरदाराचा मुलगा शखेम याकोबाच्या मुलीवर, दीनेवर, जबरदस्ती करतो आणि वर लग्नाची मागणी घालतो. तिचे भाऊ गावच्या सगळ्या पुरुषांना सुंतेची अट घालतात. तिसऱ्या दिवशी ते कळवळत पडलेले असताना शिमोन आणि लेवी त्यांना कापून काढतात. कादंबरीत मात्र हे चक्क प्रेमप्रकरण! अत्याचारच पुसून टाकायचा आणि म्हणायचं, बाई बोलती केली. मला हे पटत नाही.

कोकणकडा:
असहमत. अख्ख्या अध्यायात दीनेचा एक शब्द नाही. सोयरिकीची बोलणी शखेमचा बाप हमोर करतो, याकोब मुलगे येईपर्यंत गप्प, शेवटचं वाक्यही भावांचंच. तिला कोणी विचारलंय? शिवाय तलवारी चालल्या तेव्हा ती शखेमच्याच घरात होती. का, ते लिहिलेलं नाही. कादंबरीकार तिथेच शिरणार ना?

सरळरेघ:
घरात होती म्हणजे राजीखुशीने होती? हा युक्तिवाद आरोपीच्या वकिलाचा आहे. जरा जपून.

जुनी वही:
मला तर कादंबरीच्या नावातला तो लाल तंबूच खटकला. पाळीच्या दिवसांत बायकांनी एकत्र बसायचा असा तंबू उत्पत्तीत नाहीच. आणि खरी गंमत असलेला प्रसंग आहे ३१व्या अध्यायात. याकोबाची बायको राहेल बापाच्या, लाबानाच्या, घरातले देव चोरते, उंटाच्या खोगिरात दडवते आणि वर ठाण मांडून बसते. लाबान तंबू धुंडाळत येतो, तर म्हणते, बाबा, रागावू नका, मला उठता येत नाही, माझी अडचण आहे. बाप हात हलवत परत! कावळा शिवला म्हणून कोपऱ्यात बसवलेल्या आपल्या आज्यांना हा डाव लगेच कळला असता.

तिसरा बाक:
पदरचं घालायला कादंबरीकारच लागतात असं थोडंच आहे? लूकच्या शुभवर्तमानाच्या ८व्या अध्यायात मरीया मग्दालीया ही स्वतःच्या पैशाने येशूला मदत करणाऱ्या बायकांपैकी एक. तिच्यातून सात भुतं निघाली होती, एवढंच. वेश्या वगैरे काही नाही. ५९१ साली पोप ग्रेगरी यांनी प्रवचनात तिची आणि ७व्या अध्यायातल्या बिननावाच्या पापी बाईची मोट बांधली. मग चित्रकारांनी शतकानुशतकं तिला मोकळ्या केसांची, रडवेली रंगवलं. रोमन कॅथलिक पंचांगाने हे १९६९ मध्ये निस्तरलं. कादंबरीवर निदान 'कादंबरी' असं छापलेलं तरी असतं.

कोकणकडा:
+१. आणि कर्णाला बोलतं केलं की आपण पारायणं करतो!

सरळरेघ:
कर्ण महाभारतात भरपूर बोलतो हो. तिसरा बाक, मुद्दा मान्य, पण प्रवचनकाराने घोळ घातला म्हणून कादंबरीकाराला मुभा मिळत नाही. लिहायचंच तर रिस्पावर लिहा. दुसरं शमुवेल, अध्याय २१. शौल राजाची ही उपपत्नी. तिच्या दोन मुलांसह सात जणांना फाशी दिलं. ही खडकावर गोणपाट अंथरून बसली, हंगामाच्या सुरुवातीपासून पाऊस पडेपर्यंत. दिवसा पाखरं हाकली, रात्री जनावरं. शेवटी दाविद राजाला अस्थी गोळा करून पुराव्या लागल्या. यात बदलायचं काय?

कोकणकडा:
बदलायचं काहीच नाही. पण जनावरं हाकलताना ती ओरडली असेलच ना? शमुवेलात तेही नाही. मग ते लिहायचं की नाही, एवढं सांगा.