मदत हवी आहे : गावच्या पाण्याच्या ग्रुपवरचे फालतू मेसेज बंद कसे करायचे?

औसा_रोडवाला : लवकर सांगा, उद्या पहाटे पाणी सुटणाराय. आमच्याकडं आठ दिवसाला नळ येतो. कुठल्या गल्लीला कधी, ते ग्रुपवर टाकतो. मागच्या टायमाला रात्री साडेनऊला टाकलं, सकाळी बघतो तर खाली ५३ मेसेज. शुभ सकाळ, वाढदिवसाचं बॅनर, कुणाची तरी शेळी हरवली. खालच्या आळीला कळलंच नाही, पाणी येऊन गेलं. बाया रिकाम्या घागरी घेऊन माझ्या दारात! सेटिंग सांगा.

मोंढा_नाका : व्हॉट्सअ‍ॅप का फेसबुक? तुम्ही कोण, ग्रामसेवक?

औसा_रोडवाला : व्हॉट्सअ‍ॅपच की राव. ग्रामपंचायत सदस्य आहे मी.

नांदेडी_नाना : ग्रुपच्या नावावर दाबा, परवानग्यांत जा, मेसेज पाठवायचा हक्क फक्त अ‍ॅडमिनला ठेवा. झालं.

निवृत्त_गुरुजी : लोकांची तोंडं बंद करू नका. आणि व्हॉट्सअ‍ॅपवरची तक्रार ही तक्रारच नव्हे, लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानं दाखल्यांना मुदत ठरलेली आहे.

औसा_रोडवाला : गुरुजी, दाखल्याचं कुठं विचारलं मी?

बीडकर_७ : ब्रॉडकास्ट यादी करा, एकच मेसेज ज्याला-त्याला वेगळा जातो. आम्ही तेच करतो.

नांदेडी_नाना : तिथं २५६ च माणसं बसतात. त्यात ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज जातो.

बीडकर_७ : पण ग्रुपवर कुणी काही वंगाळ टाकलं तर केस अ‍ॅडमिनवर होती.

मोंढा_नाका : उगं भीती घालू नका. २०२१ ला नागपूर खंडपीठानं सांगितलंय, अ‍ॅडमिन त्यात सामील नसंल तर दुसऱ्याच्या पोस्टला तो जबाबदार नाही.

ठिबकवाला : २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, विसरलात का? ग्रुप गेला उडत, नळाला मीटर बसवा आधी.

औसा_रोडवाला : नाना, परवानग्या असं काही दिसंनाच. तीनदा बघितलं.

नांदेडी_नाना : तुम्ही अ‍ॅडमिन आहात ना?

औसा_रोडवाला : नाही. जुने सरपंच आहेत. निवडणुकीत पडल्यापासून ते ग्रुप उघडत बी नाहीत.

मोंढा_नाका : अहो, हे पहिल्याच ओळीत सांगायचं का नाही!

नांदेडी_नाना : मग नवा ग्रुप काढा. तुमच्या नंबरवर नको, ग्रामपंचायतीच्या नावावर सिम घ्या, नाहीतर पुढच्या निवडणुकीला हेच रडगाणं. दोघं-तिघं अ‍ॅडमिन ठेवा, त्यात पाणी सोडणारा पाहिजेच. नळ किती?

औसा_रोडवाला : ६४०.

नांदेडी_नाना : घरटी एक धरा. १०२४ पर्यंत बसतात. लिंक जुन्या ग्रुपवर टाका, तक्रारीला वेगळा ग्रुप करा म्हणजे गुरुजींचं बी समाधान.

औसा_रोडवाला : ते होईल हो, पण उद्या पहाटेचं काय?

मोंढा_नाका : मारुतीच्या देवळावर भोंगा आहे ना?

औसा_रोडवाला : आहे. किल्ली पुजाऱ्याकडं असती. निघालो.

बीडकर_७ : ती शेळी घावली का पण?