कर्नल पॅनिक झालं की मेमरीतली बिलं कशी वाचवायची?

म्हापसेकर: म्हापशाच्या बाजारात आमचं किराणा दुकान. बिलिंग लिनक्सवर, डेटाबेस एसक्यूलाइट, वॉल मोडमध्ये (बदल आधी वेगळ्या लॉग फाइलमध्ये लिहिले जातात). शुक्रवारी, ऐन बाजाराच्या गर्दीत, कर्नल पॅनिक, म्हणजे लिनक्सचा गाभाच बंद पडला! शेवटची काही बिलं गायब. वीज गेली नव्हती, यूपीएसही आहे. मग?

फोंडेकर: दादा, यूपीएस विजेसाठी. लिहिलेला डेटा आधी पेज कॅशमध्ये, म्हणजे रॅममध्येच पडून असतो. साधारण ३० सेकंद जुना झाला की लिनक्स तो डिस्कवर पाठवतं. प्रोग्राम मेला तर कर्नल सांभाळून घेतं, पण कर्नलच मेलं तर? एसक्यूलाइटचं ‘सिंक्रोनस’ सेटिंग ‘नॉर्मल’ असेल तर कमिट झालेलं, म्हणजे पक्कं नोंदलेलं बिलही जाऊ शकतं. ‘फुल’ करा, दर कमिटला एफसिंक होईल, म्हणजे डेटा लगेच डिस्कवर जाईल.

म्हापसेकर: नॉर्मलच आहे. पण रॅमला वीज होती ना? त्यातलं परत वाचता येणार नाही?

फोंडेकर: येतं की! मिशिगन विद्यापीठातल्या ‘रिओ’ फाइल कॅशने (१९९६) हेच केलं. कॅशची पानं राइट-प्रोटेक्ट करायची, म्हणजे बिथरलेलं कर्नल त्यांवर भलतंच लिहीत नाही. रीबूटच्या वेळी रॅममधला डेटा परत मिळवायचा. मला हे काम फार आवडतं. पण साध्या पीसीवर बूट होताना फर्मवेअर (मदरबोर्डमधला सुरुवातीचा प्रोग्राम) रॅमचं काय करेल, नेम नाही. दुकानात हा नाद नको.

पेडणेकरीण: लिनक्समधली पीस्टोअर ही सोयही बघा. पॅनिकचा लॉग यूईएफआयच्या, म्हणजे आजच्या पीसीतल्या फर्मवेअरच्या, कायम मेमरीत ठेवता येतो. बिलं नाही मिळणार, पण दोषी ड्रायव्हर सापडू शकेल.

म्हापसेकर: ‘फुल’ केलं. बिलाला किंचित वेळ लागतो, गिऱ्हाइकाला कळतही नाही.